ग्वाल्हेरचे शिल्पी आणि त्यांची नावे

१

ग्वाल्हेरच्या दुर्गाचा इतिहास आजवर पुष्कळांनी लिहिला आहे. तो बहुधा राजांच्या क्रमाने लिहिला जातो. प्रतिहार, कच्छपघात, तोमर, लोदी, मोगल, शिंदे, इंग्रज आणि पुन्हा शिंदे अशी ही परंपरा सांगितली की, किल्ल्याचा इतिहास सांगून झाला असे आपण समजतो. या पद्धतीत वावगे असे काही नाही. परंतु जो किल्ला मुळात एक प्रचंड कोरीव शिळा आहे, त्याच्या इतिहासात कोरणाऱ्याला जागा नसावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी खचितच आहे. कोणाच्या आज्ञेने कोरले हे आपण सांगतो. कोणी कोरले हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रश्न विचारणार आहो, आणि त्याच्या उत्तरासाठी ग्वाल्हेरपासून फार दूर, उत्तर ध्रुवाच्या बाजूला राहणाऱ्या इन्युइट लोकांच्या पाषाणशिल्पाचा दाखला घेणार आहो.

प्रारंभ किला गेटपासून करणे सोयीचे. किल्ल्याच्या पूर्वेकडील चढणीच्या पायथ्याचा हा भाग जुन्या ग्वाल्हेर गावाचा होय. लष्कर आणि मुरार ही या गावाची मागाहून जन्मलेली भावंडे. येथील पहिला दरवाजा आलमगिरी दरवाजा म्हणून ओळखला जातो. औरंगजेबाच्या राजवटीत, १६६० मध्ये, तेथील सुभेदार मुतमिदखान याने तो बांधला. दरवाजातून आत शिरताच गुजरी महाल लागतो. राजा मानसिंह तोमर (१४८६–१५१६) याने आपल्या गुजर राणीसाठी तो बांधविला. चढण चढत गेले की बादल दरवाजा, गणेश दरवाजा, लक्ष्मण दरवाजा आणि शेवटी हत्ती पौर असे एकामागून एक दरवाजे येतात. उलट दिशेने, गावाकडे थोडे अंतर चालून गेले की महंमद घौस यांचा मकबरा आणि त्याच्या अंगणातील तानसेनाची साधी कबर लागते. एवढ्या लहानशा परिसरात नवव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंतचे दगडकाम एकत्र पाहावयास मिळावे, असा योग उत्तर हिंदुस्थानात फार थोड्या ठिकाणी आहे. कला एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिल्याखेरीज असे घडत नाही. राजवंश आठ पिढ्यांत संपले असतील. टाकी आणि हातोडा यांचा वंश मात्र अखंड चालत राहिला.

२

या वंशाच्या खुणा कोरीव लेखांत कोठे सापडतात हे प्रथम पाहू. लक्ष्मण दरवाजाजवळ एकाच खडकातून कोरून काढलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ आहे. तेथील विक्रम संवत् ९३३, म्हणजे इ. स. ८७६ चा लेख गणिताच्या इतिहासात जगप्रसिद्ध आहे. कारण २७० आणि ५० या संख्यांतील शून्य त्यात आजच्यासारखेच वर्तुळाकार कोरलेले आहे. देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५०, असा तो साधा हिशेब. लेखात देणगी देणाराचे नाव आहे आणि माळ्यांचा व तेल्यांचा उल्लेख आहे. जगातील गणितज्ञ ज्याचे दर्शन घेण्यास येतात ते शून्य ज्या हाताने कोरले, तो हात मात्र आपल्या स्मरणात नाही.

याच्या उलट एक उदाहरण थोडे वर चढून गेल्यावर मिळते. कच्छपघात राजा महिपाल याच्या काळी पूर्ण झालेले जे देवालय आज सासबहूचे देऊळ म्हणून ओळखले जाते, त्यातील संवत् ११५०, म्हणजे इ. स. १०९३ ची प्रशस्ती ही मोठी काव्यरचना आहे. ती मणिकंठाने रचली आणि दिगंबर यशोदेवाने दगडावर लिहून दिली, असे ती स्वतःच सांगते. इतकेच नव्हे, तर पद्म, सिंहवाज आणि माहुल या कोरणाऱ्यांची नावेही ती सांगते. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी एका राजकवीने आपल्या नावाच्या शेजारी पाथरवटांची नावे येऊ दिली, ही गोष्ट लहान नव्हे. कवी, लेखक आणि शिल्पी असे तिघांचे मिळून ते एक काम आहे, ही जाणीव त्यामागे उघड दिसते. कारागिराने अनामिक राहावे हीच भारतीय परंपरा होय, असे जे सरसकट सांगितले जाते, त्याला ही प्रशस्ती उत्तर देते. अनामिकता ही परंपरा नव्हे. ती पुष्कळदा नंतरच्यांची विस्मृती असते.

तोमरांच्या काळात ग्वाल्हेरच्या दगडकामाला भरती आली. डुंगरसिंह आणि त्याचा पुत्र कीर्तिसिंह यांच्या कारकीर्दीत, मुख्यतः १४४० ते १४७३ या तीस-पस्तीस वर्षांत, डोंगराच्या उभ्या कड्यांवर जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. उरवाई दरीतील आदिनाथाची मूर्ती सुमारे ५७ फूट उंच आहे. मूर्ती कड्यावर कोरणे आणि सुटा दगड घडविणे या दोन कामांत मोठा भेद आहे. सुट्या दगडात चूक झाली तर दगड टाकून देता येतो. डोंगर टाकून देता येत नाही. त्यातून असे काम वरून खाली उतरत जाते. मस्तक घडत असताना पावले अजून खडकाच्या पोटात असतात. म्हणजे ५७ फुटांचे प्रमाण शिल्पीला आधी मनात धरून ठेवावे लागते. या काळातील अपभ्रंश कवी रइधू याचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात सुरक्षित आहे. लेखांतून राजांची, आचार्यांची आणि दात्यांची नावे येतात. कड्यावर लोंबकळत ज्यांनी हे काम केले त्यांची नावे मात्र कोणाच्या ओठांवर नाहीत.

पुढे १५२८ मध्ये बाबर ग्वाल्हेरास आला. मानसिंहाच्या राजवाड्याचे त्याने कौतुक केले. उरवाईतील मूर्ती मात्र नग्न म्हणून विद्रूप करण्याची आज्ञा दिली. त्यांतील काहींची मुखे मागाहून गिलाव्याने दुरुस्त केलेली आज दिसतात. याच बाबराने आपल्या आत्मवृत्तात एक आकडा दिला आहे. आपल्या इमारतींवर एकट्या आग्र्यात रोज ६८० पाथरवट कामाला होते. आणि आग्रा, सीक्री, बयाना, धोलपूर, ग्वाल्हेर व कोइल मिळून रोज १४९१, असे तो लिहितो. १०९३ मध्ये ज्यांना नावे होती, त्यांना १५२८ मध्ये संख्या मिळाली. बाबराने त्यांचा अनादर केला असे आम्हांस म्हणावयाचे नाही. हिंदुस्थानात कारागीर विपुल आहेत आणि त्यांचा धंदा वंशपरंपरेने चालतो, हे त्याने कौतुकानेच नोंदविले आहे. परंतु मोजणे आणि ओळखणे या दोन निरनिराळ्या क्रिया होत.

महंमद घौस यांचा मकबरा हा या शिल्पींच्या पुढच्या पिढ्यांचा कीर्तिस्तंभ. १५६३ मध्ये घौस निवर्तले आणि अकबराच्या काळात हा मकबरा उभा राहिला. त्याच्या चारी बाजूंच्या जाळ्या पाहिल्या म्हणजे दगडाने आपला स्वभाव सोडला की काय असे वाटते. जाळीचे काम असे चालते. वालुकाश्माची फरशी सारखी करून तिच्यावर आकृती आखतात. मग नको असलेल्या जागी भोके पाडून, छिनीने हळूहळू दगड काढून टाकतात आणि उरलेल्या पट्ट्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी साफ करतात. काम जसजसे पुढे जाते तसतशी फरशी नाजूक होत जाते. म्हणजे सर्वांत कठीण घाव सर्वांत शेवटी घालावा लागतो. त्या एका घावात महिन्यांची मेहनत फुटू शकते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण मराठीत म्हणतो. ही म्हण दगडाच्या बाजूने बोलते. घाव घालणाऱ्याचे धैर्य तिने सांगितलेले नाही.

३

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस पडला आणि त्या छावणीचे लष्कर नावाचे शहर झाले. मराठी माणूस ग्वाल्हेरात स्थिरावला तो या काळात. त्याने आपली भाषा, आपले उत्सव आणि आपली देवघरे बरोबर आणली. मात्र पाथरवट त्याला येथेच मिळाले. शिंदे घराण्यातील दिवंगतांच्या छत्र्या लष्करात उभ्या आहेत. दिवंगत राजाची मूर्ती छत्रीत बसवून तिची जित्याप्रमाणे सेवा करण्याची रीत मराठी. पण छत्रीचे खांब, कमानी आणि वेलबुट्टी या स्थानिक शिल्पींच्या हातच्या. मराठी आश्रयदाता आणि बुंदेली-हिंदी बोलणारा कारागीर यांच्या सहकार्याचा हा इतिहास आहे. आपल्या येथील मराठी संस्थानी इतिहासाने या भागीदाराची दखल फारशी घेतलेली नाही.

१८५८ मध्ये किल्ला इंग्रज फौजेच्या ताब्यात गेला आणि तो अठ्ठावीस वर्षे तेथे राहिला. या काळात किल्ल्यावर बराकी उठल्या आणि जुन्या इमारतींची बरीच हानी झाली. पुढे सरकारलाच जाग येऊन प्राचीन वास्तूंच्या दुरुस्तीचे काम सुरू झाले. १८८१ च्या सुमारास ग्वाल्हेरचे हे काम मेजर जे. बी. कीथ या अधिकाऱ्याकडे होते. तेलीचे देऊळ आणि मानमंदिर यांच्या डागडुजीत त्याचा हात होता. काम करता करता त्याच्या ध्यानी आले की, जुन्या वास्तू घडविणाऱ्यांचे वंशज अद्यापि येथे आहेत, त्यांच्या हातांत कसब आहे, पण काम नाही. त्यांना काम मिळावे म्हणून त्याने एक मोठी वेस घडविण्याची कल्पना काढली. स्थानिक शिल्पींनी नानाविध जुन्या नमुन्यांच्या आधारे ती घडविली. १८८३–८४ च्या कलकत्त्याच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ती मांडली गेली. त्यानंतर जयाजीराव शिंद्यांच्या नावे ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयास भेट देण्यात आली, आणि १८८६ च्या वसाहती व हिंदुस्थान यांच्या लंडनमधील प्रदर्शनात प्रेक्षकांनी तिच्यातून प्रवेश केला. साउथ केन्सिंग्टनला १८९९ मध्ये व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय हे नाव मिळाले. ग्वाल्हेरची वेस आजही त्या संग्रहालयाची आहे.

यातील कालक्रम नीट पाहण्यासारखा आहे. ग्वाल्हेरचे शिल्पी ही वेस कोरीत होते तेव्हा ग्वाल्हेरचा किल्ला ग्वाल्हेरचा नव्हता. किल्ला जयाजीरावांना परत मिळाला तो १८८६ मध्ये, झांशीच्या मोबदल्यात. आणि त्याच वर्षी जयाजीराव निवर्तले. एक दार देशाबाहेर गेले आणि एक किल्ला घरी आला. या वेशीशी सामान्यतः दोन नावे जोडली जातात, देणाऱ्या महाराजांचे आणि घडवून घेणाऱ्या मेजराचे. दोघांचेही श्रेय आम्ही नाकारीत नाही. कीथच्या मनात कारागिरांविषयी खरी कणव होती, आणि उपाशी कसबाला काम देणे हे पुण्यकर्मच होय. पण काम आणि वेतन मिळाले की कारागिराचे देणे फिटले, असा हिशेब त्यात गृहीत धरलेला होता.

त्याच १८८६ च्या प्रदर्शनातील आणखी एक हकीकत या संदर्भात बोलकी आहे. हिंदी कारागीर प्रत्यक्ष काम करताना दिसावेत म्हणून तीसहून अधिक माणसे लंडनला नेली होती. त्यांपैकी बरेचसे आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले होते, कारण त्या तुरुंगात कैद्यांना हस्तकला शिकवीत. व्हिक्टोरिया राणीने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्यांतील काहींची चित्रे काढवून घेतली, आणि म्हणून बक्षीराम नावाच्या वृद्ध कुंभाराचे नाव व मुद्रा आज आपल्याला ठाऊक आहेत. म्हणजे कुंभाराचे नाव टिकले ते त्याच्या मडक्यामुळे नव्हे, तर दुसऱ्या कलावंताच्या चित्राचा तो विषय झाला म्हणून. ज्याचे चित्र काढले गेले नाही, तो गेला.

४

आता इन्युइटांकडे वळू. कॅनडाच्या उत्तर टोकाला, जेथे झाड उगवत नाही आणि वर्षातील बहुतेक काळ समुद्र गोठलेला असतो, तेथे हे लोक शतकानुशतके शिकारीवर जगत आले. त्यांच्या पूर्वींच्या काळी त्याच भूमीत नांदून गेलेल्या लोकांच्या हस्तिदंती आकृती उत्खननांत सापडल्या आहेत. वालरसाच्या दातांवर, हाडांवर आणि मऊ दगडावर लहान आकृती कोरण्याची कला इन्युइटांतही होती. फिरत्या लोकांच्या वस्तू तळहातावर मावतील एवढ्याच असावयाच्या. जड मूर्ती कुत्र्यांच्या गाडीवर कोण वाहून नेणार? ग्वाल्हेरात कला डोंगराला चिकटलेली, तर तेथे माणसाच्या झोळीत. हा दोहोंतील पहिला भेद.

१९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन नावाचा तरुण कॅनेडियन चित्रकार इनुकजुआक या वस्तीत गेला. तेथील लोकांनी दिलेली छोटी शिल्पे घेऊन तो माँट्रियलला परतला. १९४९ च्या नोव्हेंबरात कॅनेडियन हँडिक्राफ्ट्स गिल्डने तेथे विक्री मांडली, आणि थोड्याच दिवसांत सर्व शिल्पे विकली गेली. त्या वेळी इन्युइटांची स्थिती बिकट होती. कोल्ह्यांच्या कातड्यांचे भाव कोसळले होते, क्षयाने घरे ओस पडत होती आणि सरकार लोकांना तंबूंतून काढून वस्त्यांत बसवीत होते. अशा वेळी कोरीवकाम हे पोटाचे साधन झाले. १९५१ मध्ये काय कोरावे याचे मार्गदर्शन करणारी एक पुस्तिका ह्यूस्टनने प्रसिद्ध केली. बाहेरच्या गिऱ्हाइकाची आवड त्यातून कलावंतावर लादली गेली, अशी टीका पुढे झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. कीथ आणि ह्यूस्टन यांच्यातील साम्य येथवर स्पष्टच आहे. दोघेही बाहेरचे, दोघेही कसबाचे चाहते, आणि दोघांनीही भुकेच्या प्रसंगी प्रदर्शनाचा मार्ग शोधला.

भेद पडतो तो येथून पुढे. ह्यूस्टन केप डॉर्सेट या वस्तीत राहिला. ऑसुइटॉक इपीली या हस्तिदंतकाराने सिगारेटच्या दोन पाकिटांवरील खलाशाची चित्रे हुबेहूब सारखी पाहून, प्रत्येक वेळी तेच चित्र काढण्याचा कंटाळा येत नसेल काय, असे त्याला विचारले, आणि त्या प्रश्नातून छापचित्रांची कल्पना निघाली, अशी हकीकत ह्यूस्टननेच सांगितली आहे. ती कला नीट शिकण्यासाठी ह्यूस्टन जपानला गेला आणि उनइची हिरात्सुका या ठसेकाराकडे १९५८–५९ मध्ये शिकला. १९५९ मध्ये केप डॉर्सेटच्या छापचित्रांचा पहिला वार्षिक संग्रह निघाला, आणि त्याच वर्षी तेथील इन्युइटांची सहकारी संस्था स्थापन झाली. १९६२ मध्ये ह्यूस्टन निघून गेला, संस्था राहिली. आश्रयदाता गेला तरी कलावंताचा धंदा बुडू नये, ही सोय कीथच्या योजनेत नव्हती.

दुसरा भेद आम्हांस याहून महत्त्वाचा वाटतो. केप डॉर्सेटच्या छापचित्रात एक कलावंत रेखाटन करतो, दुसरा ते दगडावर कोरतो आणि कागदावर उतरवितो. जपानी रीतीप्रमाणे त्या चित्राच्या कोपऱ्यात या सर्वांच्या मुद्रा उमटविल्या गेल्या. रेखाटणाऱ्याची मुद्रा, दगड कोरणाऱ्याची मुद्रा आणि गावाची मुद्रा, तीही इन्युइटांच्या स्वतःच्या लिपीत. मणिकंठ, यशोदेव आणि पद्म, सिंहवाज, माहुल यांची प्रशस्तीतील पंगत वाचकांना येथे आठवेल. ग्वाल्हेरने १०९३ मध्ये जे केले, तेच बॅफिन बेटावरील एका वस्तीने १९५९ मध्ये केले.

हे नाव त्या लोकांना सहज मिळाले असे मात्र नव्हे. इन्युइटांना आडनावे नव्हती, आणि त्यांची नावे लिहिणे सरकारी कारकुनांना अवघड जाई. म्हणून १९४१ पासून सरकारने प्रत्येक इन्युइटाला क्रमांक कोरलेली एक लहान चकती दिली. पूर्वेकडील किंवा पश्चिमेकडील हे दर्शविणारे अक्षर, विभागाचा आकडा आणि माणसाचा आकडा असे तिचे स्वरूप असे. दवाखान्यात, दुकानात, सरकारी कागदावर माणूस त्या क्रमांकाने ओळखला जाई. त्या काळच्या पुष्कळ शिल्पांच्या बुडाशी कलावंताने नावाबरोबर किंवा नावाऐवजी हाच क्रमांक कोरलेला आढळतो. बाबराचे १४९१ पाथरवट येथे पुन्हा भेटतात. पुढे १९६८ पासून तीन वर्षे घरोघर जाऊन आडनावे नोंदविण्यात आली आणि चकत्या मागे पडल्या. शिल्पांच्या बाबतीत १९५८ मध्ये कॅनडा सरकारने इग्लूचे चित्र असलेली एक चिठ्ठी सुरू केली. कारखान्यांत काढलेल्या नकलांपासून खरे हातकाम वेगळे ओळखता यावे हा तिचा हेतू, आणि कलावंताचे नाव व त्याचे गाव लिहिण्यास तिच्यावर जागा होती. २०१७ मध्ये या चिठ्ठीची व्यवस्था सरकारकडून इन्युइट आर्ट फाउंडेशन या संस्थेकडे आली.

केनोजुआक अशेवाक हिचे चरित्र या सर्वांचे सार सांगते. १९२७ मध्ये बॅफिन बेटावरील शिकारी तळावर ती जन्मली. क्षयामुळे १९५२ पासून तीन वर्षे तिला क्वेबेकच्या रुग्णालयात काढावी लागली. परत आल्यावर ती रेखाटू लागली. पिसाऱ्यासारखी किरणे पसरलेले तिचे १९६० चे घुबडाचे छापचित्र १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर आले. २०१३ मध्ये ती निवर्तली तेव्हा तिचे नाव सर्व देशाला ठाऊक होते. ती ज्या गावाची, त्या केप डॉर्सेटला २०२० मध्ये किंगाइत हे त्याचे मूळ नाव अधिकृतपणे परत मिळाले. तत्पूर्वी १९९९ मध्ये नुनावुट हा इन्युइटबहुल प्रदेश निराळा झाला होता. २०२१ मध्ये विनिपेग येथे इन्युइट कलेचे कौमाजुक हे स्वतंत्र दालन उघडले. कलावंताचे नाव, गावाचे नाव आणि प्रदेशाचे नाव ही तिन्ही एका हयातीच्या अंतरात परत आली. हा योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्यांच्या दगडावर त्यांचे नाव लिहिले जाते, त्यांचे म्हणणे जगाला ऐकावेच लागते.

५

आता कोणी म्हणेल की, ही तुलना रास्त नाही. इन्युइट शिल्पकार हा स्वतंत्र कल्पना करणारा कलावंत, तर ग्वाल्हेरचा पाथरवट ठरल्या नमुन्याप्रमाणे काम करणारा कारागीर. हा आक्षेप आपल्याकडे कोठून आला ते पाहिले पाहिजे. १८५७ मध्ये मुंबईत जमशेटजी जिजीभाई कलाशाळा स्थापन झाली आणि पुढे शिकलेला मूर्तिकार व न शिकलेला पाथरवट असे दोन वर्ग पडले. गणपतराव म्हात्रे यांची १८९६ मधील ‘मंदिरपथगामिनी’ गाजली आणि मराठी शिल्पकाराला नाव मिळाले. माळव्यात धार येथे स्थायिक झालेले रघुनाथ कृष्ण फडके यांना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. हे सर्व योग्यच झाले. पण त्याच काळात घौसांच्या जाळीसारखी जाळी कोरू शकणारा माणूस मजूर म्हणूनच मोजला जात राहिला. पाचशे वर्षांच्या अंतरावरून आपण ज्याला कला म्हणतो, त्याच कामाला समोर चालू असताना आपण मजुरी म्हणतो. हा भेद कामातला नसून आपल्या दृष्टीतला आहे.

ग्वाल्हेरच्या मराठी विद्वानांनी या क्षेत्रात मोठे कार्य केले आहे, हेही सांगितले पाहिजे. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी गावोगावी हिंडून शिल्पे व लेख गोळा केले, आणि किला गेटच्या आतील गुजरी महालात संग्रहालय उभे राहिले. ग्यारसपूरची शालभंजिका ही त्या संग्रहालयाची कीर्ती. हात नसलेल्या, पाय तुटलेल्या त्या दगडी स्त्रीच्या ओठांवरील स्मित पाहण्यासाठी लोक दुरून येतात. गर्द्यांच्या पिढीने दगड वाचविले. परंतु शिल्पे संग्रहालयात आली तरी शिल्पी बाहेरच राहिला. गुजरी महालाच्या राणीवर वृंदावनलाल वर्मा यांची ‘मृगनयनी’ ही हिंदी कादंबरी १९५० मध्ये निघाली. तिचा महाल बांधणाऱ्यांवर कादंबरी लिहावी असे कोणास वाटले नाही.

साहित्याच्या पत्रिकेत या विषयाची चर्चा करण्याचे आमचे कारण येथे येते. आपल्या संतांत गोरोबा कुंभार होते, नामदेव शिंपी होते, नरहरी सोनार होते. हे सारे कारागीर. त्यांची नावे सातशे वर्षे टिकली ती अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रेमुळे. गोरोबांनी घडविलेले एकही मडके आज नाही, नरहरींचा एकही दागिना नाही. पण नावे आहेत. ग्वाल्हेरात याच्या नेमके उलटे घडले. तेथे काम शाबूत आहे आणि नाव गेले आहे. शब्दांत नाव घालण्याची सोय आपल्या परंपरेने कारागिराला दिली. दगडात नाव घालण्याची सोय १०९३ च्या त्या प्रशस्तीने दाखविली, आणि पुढे ती फारशी कोणी चालविली नाही.

गेलेली नावे परत येणार नाहीत. पण ग्वाल्हेरचे दगडकाम अद्यापि संपलेले नाही. ग्वाल्हेर मिंट या व्यापारी नावाचा फिकट हिरवट वालुकाश्म आजही बाजारात आहे, आणि त्यातून मूर्ती, जाळ्या व कमानी घडविणारे हात आजही आहेत. त्यांच्यापुढे दोन संकटे आहेत. एक यंत्राचे, जी जाळी हाताने कोरण्यास महिने लागत, तिची आकृती यंत्र थोड्या वेळात कापून देते, आणि गिऱ्हाइकाला दोहोंतील भेद सांगणारे कोणी नसते. दुसरे संकट धुळीचे. वालुकाश्माची बारीक धूळ फुप्फुसांत साठून सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. पहिल्या संकटावर इन्युइटांच्या चिठ्ठीसारखा उपाय आहे, तो म्हणजे प्रत्येक हातच्या कामाबरोबर करणाऱ्याचे नाव आणि गाव जाणे. दुसऱ्या संकटाचाही नावाशी संबंध आहे. ज्याचे नाव नोंदलेले नाही, त्याचा रोग कोठे नोंदला जाणार, आणि त्याच्या मृत्यूचे कारण कोण शोधणार?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. ग्वाल्हेरच्या जुन्या लेखांतील शिल्पींच्या, लेख कोरणाऱ्यांच्या नावांची स्वतंत्र सूची व्हावी. आज टाकी चालविणाऱ्या वृद्ध कारागिरांकडून त्यांच्या धंद्यातील शब्द, हत्यारांची नावे आणि त्यांच्या घराण्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. हे काम भाषेच्या अभ्यासकांचे आहे, आणि ते दहा वर्षांनी करू म्हणून चालणार नाही. देवळात, चौकात किंवा संस्थेत नवी मूर्ती बसविताना कोनशिलेवर उद्घाटकाच्या नावाखाली घडविणाऱ्याचे नाव कोरावे. यासाठी कायदा लागत नाही आणि खर्चही लागत नाही. ते नाव कोरणारा कारागीर त्या वेळी तेथे हजरच असतो, आणि त्याच्या हातात टाकीही असते.